मामाने सगळं बदललं, बोलणं सोडून

आमच्या मामाला सरळ बोलता येत नाही. तोतरा वगैरे नाही तो. व्याख्यानाला उभा राहिला तर तासभर पाण्याच्या ग्लासाला हात लावत नाही. पण "चहा घेणार का?" असं विचारलं तर म्हणतो, "नाकारण्याचं सबळ कारण दिसत नाही." मामी कपात चहा ओतता ओतता म्हणते, "सबळ कारण मी देऊ का?" बाहेर ऊन आहे का विचारलं तर खिडकीतून बघून सांगतो, "प्रथमदर्शनी, हो." लग्नाला होकार देताना म्हणे त्याने मामीला सांगितलं होतं, "दीर्घकालीन दृष्टीने ही गोष्ट अनुकूल वाटते." मामी हे घरी आलेल्या प्रत्येकाला सांगते आणि सांगता सांगता मला खूण करते. म्हणजे मी ते वाक्य मामाच्या आवाजात म्हणायचं. चष्मा कपाळावर चढवायचा, डावा हात हवेत, खडू धरल्यासारखा, आणि "अनुकूल" वर किंचित थांबायचं. सगळ्यात जास्त हसतो तो मामाच.

अकरावीसाठी मी त्यांच्याकडे राहायला आले. मामा विद्यापीठाच्या धोरण केंद्रात आंतरराष्ट्रीय सुरक्षेवर संशोधन करतो. "म्हणजे सुरक्षा रक्षक?" असं माझ्या मैत्रिणीने विचारलं होतं. नाही. म्हणजे कोणता देश कोणाला घाबरतो, का घाबरतो आणि ती भीती कमी व्हायला किती बैठका लागतात, याचा अभ्यास. केंद्र तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट दुसऱ्यावर थांबते. आत भिंतभर जगाचा नकाशा. जिथे लढाई चालू आहे तिथे लाल टाचणी. लाल टाचण्या कधीच्याच संपल्या, म्हणून नव्या लढायांना पिवळ्या. खोल्या प्लायवुडच्या, भिंती छतापर्यंत पोचतच नाहीत. गुप्ततेवर ग्रंथ लिहिणाऱ्या माणसांच्या या खोल्यांमधून साधी शिंकसुद्धा लपत नाही. कॉलेज सुटलं की मी मामाच्या खोलीत अभ्यासाला बसायचे. अभ्यास कमी व्हायचा, कानांना मात्र मेजवानी.

एका बाजूला संचालकबाई. त्यांचं प्रत्येक वाक्य दोन पायांचं : "एकीकडे खिडकी उघडी ठेवली तर हवा येईल, दुसरीकडे कागद उडतील." दुसऱ्या बाजूला अणुकाका. त्यांचा विषय अण्वस्त्रं. "पहिल्या अर्ध्या तासात दोन कोटी," असं ते शांतपणे बोलतात आणि चहात बुडवलेलं बिस्किट तुटून पडलं की कळवळून ओरडतात, "अरे अरे अरे!"

पण माझा सगळ्यात आवडता आवाज या इमारतीतला नव्हताच. तो फोनवर यायचा.

त्याचं असं झालं. हद्दीजवळच्या एका गावात मामा पाहणीला गेला होता. शस्त्रसंधी होऊन वर्ष झालं होतं. डोंगरावरच्या चौक्या दोन्ही देशांनी रिकाम्या ठेवायच्या, असं त्यात ठरलं होतं. खाली गावात लोक कसे जगतात, ते मामाला बघायचं होतं. पुढारी भेटले, व्यापारी भेटले, मुख्याध्यापक भेटले. सगळ्यांनी एकच सांगितलं : सगळं छान आहे. निघायच्या दिवशी छावणीच्या फाटकासमोर एक सलून दिसलं आणि मामा केस कापायला शिरला. परत आला तेव्हा डोकं इतकं बारीक केलेलं की मामीने दारातच विचारलं, "सोडलं का तुरुंगातून?"

खुर्चीतून उठावंसंच वाटलं नाही म्हणे. सलूनवाले काका बोलत होते आणि मामा लिहून घेत होता. मामाने रीतसर विचारलं, हे अहवालात वापरू का. ते म्हणाले, "वापरा की. नाव तेवढं नको. नाव आलं तर फाटकावरचं गिऱ्हाईक जाईल. आणि गिऱ्हाईक गेलं तर परवडलं, सर, त्याच्या आधी मीच जायचो."

मी त्यांना कात्रीकाका म्हणायचे. सोमवारी त्यांचं दुकान बंद. संध्याकाळी मामा भांडी घासायला उभा राहायचा, फोन ओट्यावर, आवाज मोठा करून. मामाचा नियम होता, फोनवर कामाचं काही नाही. छावणी नाही, जवान नाही. मग काय? गुडघा, सुनेचं शिवणाचं मशीन, आणि माणसाच्या डोक्यावर भोवरे दोन असले तर तो हट्टी का असतो. आणि काय ते बोलणं! "आता तुम्ही म्हणाल, सर," इथे एक श्वास, "याला काय कळतं. काही नाही कळत!" आणि मग जे कळतं ते सविस्तर. शेवटी : "माझं आपलं मत हं, कायदा नाही. पटलं तर ठेवा, नाही तर झटकून टाका." त्यातला "टाका" एकदम वर चढायचा, जिन्यावर पळत गेल्यासारखा. मला तो जमायला महिना लागला. जमल्यावर मी एकदा फोनवरच त्यांना ऐकवला. ते इतके हसले की खोकला लागला. "सर, ही पोरगी माझं दुकान चालवेल!"

अहवाल लिहिताना मामाने त्यांना लपवलं, आणि असं लपवलं की केंद्रात त्याचं कौतुक झालं. सलूनवाल्याचा शिंपी केला. साठीच्या माणसाला चाळिशीत आणलं. एक मुलगा होता, त्याच्या दोन मुली केल्या. गाव उचललं आणि नदीच्या पलीकडे नेऊन ठेवलं. त्या दिवशी दुकानात रेकॉर्डही केलं होतं. ते कागदावर उतरवलं आणि नियमाप्रमाणे पुसून टाकलं. "आता मी स्वतः शोधायला निघालो तरी मला हा माणूस सापडायचा नाही," असं म्हणाला. खूश होता.

एकच गोष्ट बदलली नाही. अवतरण. दोन अवतरण चिन्हांच्या आतला मजकूर म्हणजे पुरावा, त्याला हात लावायचा नाही. माणूस बदला, गाव बदला, त्याचं वाक्य बदललंत तर तुम्ही खोटारडे. हे काही मामाचं एकट्याचं खूळ नाही, तिथे सगळेच असे. अणुकाका तर मुलाखत देणारा खोकला तर "खोकतो" असंही लिहून ठेवतात.

अहवालाचं नाव होतं "शस्त्रसंधीनंतरचे सीमावर्ती दैनंदिन जीवन : काही प्राथमिक निरीक्षणे". असलं नाव बघून कोण वाचणार, म्हणून आम्ही निर्धास्त. पण एका वर्तमानपत्रातल्या कुणीतरी वाचलं. आणि बाकी सगळं सोडून त्यांनी ते एक अवतरणच उचललं. ठळक अक्षरात, चौकटीत.

दुपारी जेवताना मामी म्हणाली, "वाच गं, काय दिवे लावलेत बघू." मी वाचायला लागले.

"आता तुम्ही म्हणाल, याला काय कळतं. काही नाही कळत. पण पोरगं घरी निघालं असेल तर माझ्यासमोर गप्प बसत नाही, आणि वर निघालं असेल तर बोलत नाही. गेला महिनाभर सगळेच गप्प. माझं आपलं मत हं, कायदा नाही. पटलं तर ठेवा, नाही तर झटकून टाका."

मुद्दाम नाही केलं मी. पहिले दोन शब्द माझ्या आवाजात होते, मग तो आवाज आपणहून आला. "टाका" जिना चढून वर गेला.

"अय्या, हे तर कात्रीकाका!" मामी म्हणाली. तिने अहवाल वाचलेला नव्हता.

मामाचा चमचा ताटात तसाच राहिला. "पुन्हा वाच. तुझ्या आवाजात."

वाचलं.

"बातम्या देतात तसं वाच."

तसंही वाचलं. मग संचालकबाईंसारखं, मग अगदी सपाट, शाळेत हजेरी घेतात तसं. कसंही वाचलं तरी कात्रीकाकाच खुर्चीमागे उभे. वय पुसलं होतं, गाव पुसलं होतं, मुलगा पुसला होता आणि माणूस अख्खा तिथेच होता. आणि तो सांगत होता, की ज्या चौक्या रिकाम्या ठेवायच्या ठरल्या होत्या त्यांवर जवान पुन्हा चढतायत.

"त्या गावात सगळे त्यांच्याकडेच केस कापतात," मामा हळूच म्हणाला.

"आणि छावणीतले?" मामीने विचारलं.

मामाने ताट उचलून आत नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी केंद्रात प्लायवुडच्या पलीकडे तिघं बसले. मी अलीकडे. पुस्तक उघडं, पान तेच.

"एकीकडे अहवाल मागे घेता येईल," संचालकबाई म्हणाल्या. "दुसरीकडे, मागे घेतला की लोक विचारतील का घेतला. मग एकेक ओळ भिंगाखाली."

"मग काहीच करायचं नाही?" मामा.

"असं मी म्हटलेलं नाही. एकीकडे…"

"अरे, जाऊन सांग ना त्याला," अणुकाका मध्येच म्हणाले. "दोन दिवस कुठे तरी जाऊन राहा म्हणावं."

"तिथे जायला परवाना लागतो. कुणाला भेटणार, ते अर्जावर लिहावं लागतं."

"केस कापायला जातोय म्हण."

"एवढ्या लांब?"

"मग पत्र टाक."

"छावणीच्या गावात पत्रं उघडून वाटतात. मीच लिहिलंय, तिसऱ्या प्रकरणात."

"फोन?"

 त्या गावातल्या फोनांवर कोण कोण कान लावून असतं, तेही मामानेच लिहिलं होतं, पाचव्यात. सावध करायला फोन केला असता तर तोच फोन सांगणार होता की शिंपी म्हणजे कोण. पलीकडे अणुकाकांचं बिस्किट चहात पडल्याचा आवाज आला. ते ओरडले नाहीत.

सोमवारी फोन वाजला. मामाने ओले हात पुसलेही नाहीत.

"सर! वाचलं हं आम्ही. फाटकावरचा हवालदार पेपर घेऊन आला, दाढी करता करता सगळ्या दुकानाला वाचून दाखवलं. म्हणतो, का हो, हा शिंपी तुमचा भाऊ की काय? सगळे असे हसले!" आणि स्वतः मनापासून हसले. "मी आपला गप्प. शब्द म्हणजे शब्द. पण एक सांगू का, छान वाटलं हो. आता तुम्ही म्हणाल…"

"गुडघा कसा आहे?" मामा म्हणाला.

"अं? गुडघा बरा आहे. मी काय सांगत होतो, तो हवालदार…"

"आणि सुनेचं मशीन? दुरुस्त झालं?"

काकांना कळेना. मामा मशीनबद्दल विचारत राहिला. सुई कुठली, दोरा तुटतो का, तेल कधी घातलं. आयुष्यात त्याने शिवणाचं मशीन जवळून पाहिलेलं नाही. मी आणि मामी दारात उभ्या. सगळा वेळ नळ वाहत होता, बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

त्या आठवड्याअखेर केंद्राचं जाहीर चर्चासत्र होतं. सुरक्षा खात्यातले एक मोठे पाहुणे आले होते. मी शेवटच्या रांगेत. मला वाटलं होतं घरी न्यायला नवीन आवाज मिळेल, पण या माणसाचा आवाज धरताच येईना. गुळगुळीत, कुठे कड नाही, पकडायला काही नाही.

ते म्हणाले, "अहवाल उत्तम आहे. तो शिंपी तर मला फारच आवडला. आमच्या लोकांनाही आवडला. एक अधिकारी मला म्हणाले, असं बोलणारा एक जण आपल्या फाटकासमोरच आहे. पण गंमत म्हणजे तो शिंपी नाही."

लोक हसले. तेही हसले. हसता हसता मामाकडे बघत राहिले.

मामा उभा राहिला. चष्मा कपाळावर गेला नाही, हात वर गेला नाही.

"तो शिंपी नाही, आणि दुसरं कुणीही नाही," तो म्हणाला. "असा माणूसच नाही. ते वाक्य मी रचलं."

"अख्खं?"

"अख्खं."

"मग बोलण्यात इतकं साम्य?"

"पाहणीला गेलो होतो तेव्हा एका दुकानात केस कापून घेतले. त्यांची बोलण्याची ढब आवडली, ती उचलली. मजकूर माझा. मला अहवालात तसं एखादं वाक्य हवं होतं आणि कुणीच ते बोलत नव्हतं."

सभागृहात खुर्च्या करकरल्या. संचालकबाई माइकजवळ गेल्या. "एकीकडे," म्हणाल्या, आणि पुढचं त्यांना काही सापडेना. पाहुण्यांनी पेनाचं टोपण लावलं. "प्रांजळपणा आवडला," म्हणाले. एवढंच. पटलं की नाही, हे त्या आवाजातून मला काढता आलं नाही. बाकी कुणाचाही आवाज असता तर आलं असतं.

संशोधकाने अवतरण रचणं म्हणजे काय, ते मला पुढच्या दिवसांत कळलं. चौकशी समिती बसली. "रेकॉर्डिंग दाखवा," म्हणाली. "नियमाप्रमाणे पुसलं," मामा म्हणाला. "सोयीचा नियम," समिती म्हणाली. वर्तमानपत्राने दिलगिरी छापली, ती मात्र चौकटीत नव्हती. मामाचे जुने लेख लोक उकरून बघायला लागले, की त्यात आणखी कोण कोण माणसं रचलेली आहेत. त्याचे विद्यार्थी दुसऱ्या मार्गदर्शकांकडे गेले. दारावरच्या पाटीचे स्क्रू काढले तेव्हा मी तिथेच होते. पाटी निघाल्यावर मागचं प्लायवुड तेवढं पांढरं दिसायला लागलं.

अणुकाका एकदा घरी आले. बसले नाहीत. "मी सांगतो समितीला. तू तेव्हा मला रेकॉर्डिंग ऐकवलं होतंस, मी साक्षीदार आहे."

"तू सांगितलंस की तो माणूस खरा ठरतो," मामा म्हणाला.

"आणि नाही सांगितलं की तू खोटा ठरतोस!"

"हो."

अणुकाका बराच वेळ चपला घालत राहिले. त्यांना बंद लावताच येईना.

मामी आतून म्हणाली, "जन्मभर एकेक शब्द तोलून बोलला माझा नवरा. आणि खोटं बोलला तेही असलं, की कुणाला सांगायची सोय नाही."

मधल्या सोमवारी फोन आला नव्हता. मग आला. आम्ही तिघं एकदमच ओट्याशी पोचलो.

"सर, पेपरात आलंय," कात्रीकाका म्हणाले. "ते तुम्ही स्वतःच रचलंत म्हणून."

"हो," मामा म्हणाला.

"म्हणजे मी काही बोललोच नव्हतो?"

"आपलं केसांबद्दल बोलणं झालं होतं."

"सर, असं कसं? मी बोलत होतो, तुम्ही लिहून घेत होतात. मानेभोवतीचा टॉवेल ओला झाला तरी उठला नाहीत."

"तुमचा काहीतरी गैरसमज होतोय, काका."

 मामाने ओट्याची कड धरली होती.

"इथे मी दोघा-चौघांना सांगितलं होतं," काका म्हणाले, आणि मामीने तोंडावर हात ठेवला. "त्या हवालदारालाही सांगितलं. राहवलंच नाही. म्हटलं, ते माझं आहे, मी बोललोय. आता सगळे हसतात. म्हणतात, मोठं सांगत होता. साहेबाने तुझी नक्कल केली आणि तू मिरवतोस."

"बरोबर म्हणतात ते," मामा म्हणाला. "मी नक्कल केली. माफ करा."

"मला माफी नको हो. तुम्ही एकदा म्हणा की मी बोललो होतो. इथे आम्ही दोघंच आहोत, मी आणि सून. कोण ऐकतंय?"

मी मामाकडे बघितलं. त्याचे ओठ हलले. काहीतरी तोंडाशी आलं होतं. ते त्याने गिळलं, दिसलं मला.

"तुम्ही बोलला नव्हता," तो म्हणाला.

काकांनी श्वास घेतला. पुढे काही नेहमीचं येईल म्हणून मी कान टवकारले.

"मला वाटलं होतं, आपली ओळख आहे," ते म्हणाले. "बरं. ठेवतो."

मामा फोनकडे बघत उभा राहिला. मामीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "रागावलेत," ती म्हणाली. "रागावलेत म्हणजे आहेत. दुकानात आहेत, घरी आहेत. लोक हसतायत त्यांना, हसू देत."

"हो," मामा म्हणाला. "हसू देत."

पुढच्या सोमवारी त्याने भांडी घासायला घेतली आणि फोन ओट्यावर ठेवला, आवाज मोठा करून. वाजला नाही. त्याच्या पुढच्या सोमवारी पण नाही. तो राग असेल. राग असावा असंच आम्ही तिघं म्हणतो, मामी तर ठामपणे. पण रागाने फोन करत नाहीत की फोन करायला तिथे उरलेच नाहीत, हे कळायचं तर कुणाला तरी विचारायला हवं, आणि कुणाला काय म्हणून विचारणार? जो माणूसच नाही असं मामाने भर सभेत सांगितलं, त्याची खुशाली?

काल सोमवार होता. मामाची भांडी घासून झाली, ओटा पुसून झाला, तरी तो तिथेच उभा होता. "आवाज कमी करू का याचा?" मामीने फोन उचलत विचारलं.

"राहू दे," मामा म्हणाला, आणि घासलेली पातेली पुन्हा नळाखाली धरली.